घसारा

मी बँकेत कारकून आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कोटी-कोटींच्या गोष्टी निघाल्या तरी वाचकांचा माझ्याविषयी गैरसमज व्हायचा नाही. कोटींशी माझा रोजचा संबंध आहे. फक्त ते कोटी दुसऱ्यांचे असतात. दिवसभर मी त्यांची बेरीज करतो, संध्याकाळी ती जुळली की हायसं वाटून घराकडे निघतो आणि वाटेत कन्नडच्या बाजारात मेथीची जुडी वीस रुपये म्हटल्यावर पालक घेऊन जातो.

अशा माणसाला २०२५च्या दिवाळीत कुणी मर्सिडीज घ्यायचा आग्रह करील, यावर माझाही विश्वास बसला नसता. पण आमच्या मेहुण्यांना दर दिवाळीला एक संधी दिसते. एका दिवाळीत ती इमू पक्ष्यांत दिसली होती. ती संधी पुढे वर्षभर आमच्या अंगणात फिरत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टोचत होती. त्यानंतर कोरफडीत दिसली. यंदा चकलीचा तुकडा मोडत मेहुणे म्हणाले, "दाजी, चार लाखांत मर्सिडीज मिळतीय."

सौ. आतून म्हणाली, "मग दोनच घ्या. एक मला भाजीला न्यायला."

"ताई, चेष्टा नको. साधीसुधी नाही ही. त्या दीडशेतली आहे."

'त्या दीडशेतली' म्हटल्यावर मात्र मी चकली खाली ठेवली. आमच्या जिल्ह्यात 'त्या दीडशे'ला मोठा मान आहे. ऑक्टोबर २०१०मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, व्यापारी, उद्योजक, डॉक्टर अशा मंडळींनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या. पासष्ट कोटींचा सौदा. आपण एकेकटे शोरूममध्ये गेलो तर एक गाडी मिळते, दीडशे जण गेलो तर देशभर नाव होतं, हे ओळखणारी माणसं होती ती. मराठवाडा म्हटलं की दुष्काळ आणि टँकर एवढंच पाहणाऱ्या पत्रकारांनी त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याकडे चमकणाऱ्या काचा पाहिल्या. चाळीस कोटींच्या वर कर्ज स्टेट बँकेने दिलं. दर सात टक्के. हा सात टक्क्यांचा आकडा वाचकांनी एका चिठ्ठीवर टिपून ठेवावा, पुढे लागेल.

या दीडशे गाड्यांचं पुढे काय झालं, याचा एक विलक्षण इतिहास आहे. त्या वाढल्या. जिल्ह्यात कुठेही जुनी मर्सिडीज दिसली की ती त्या दीडशेतलीच असते, असं मालक सांगतो, ड्रायव्हर सांगतो, पंक्चरवालाही सांगतो. माझ्या मोजणीप्रमाणे आजवर त्या दीडशेतल्या दोनशे अकरा गाड्या मी पाहिल्या आहेत. साधुसंतांच्या पादुकांचं असंच होतं. संत एक, पाय दोन, पादुका मात्र गावोगाव.

तरी चार लाख म्हटल्यावर माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. पासष्ट कोटी भागिले दीडशे, म्हणजे सरासरी एका गाडीला त्रेचाळीस लाख तेहतीस हजार. आयकराच्या नियमाने मोटारीवर दरसाल पंधरा टक्के घसारा धरायचा. पुढच्या वर्षी उरलेल्यावर पुन्हा पंधरा, असं करत जायचं. मी वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडले. पंधरा वर्षांनी उत्तर आलं तीन लाख एकोणऐंशी हजार. म्हणजे चार लाखांचा भाव मेहुण्यांच्या मित्राने ठरवलेला नव्हता, आयकर खात्याने ठरवला होता. मित्राने वर फक्त एकवीस हजार चढवले होते, आणि दिवाळीच्या दिवसांत तेवढं चालायचंच.

"पडलेल्या भावात घ्यायची, दाजी, आणि चढलेल्या भावात विकायची," मेहुणे म्हणाले. "जुन्या जर्मन गाड्यांचे भाव काय झालेत, माहीत आहे का?"

माहीत नव्हते. पण कारकुनाला एकदा आकड्याचा वास लागला की तो स्वस्थ बसत नाही. दिवाळीची उरलेली सुटी मी जुन्या जर्मन गाड्यांच्या भावांचा इतिहास वाचण्यात घालवली. फराळाचे डबे रिकामे झाले, पण ज्ञान भरपूर झालं. ते आता वाचकांच्या पदरात घालतो.

कॉलेजात आम्हाला घसारा शिकवला तो असा, की वस्तू जुनी होते, झिजते, किंमत उतरते आणि शेवटी भंगाराचा भाव राहतो. तो शेवटचा आकडा वजा करून आम्ही पास झालो. पण काही वस्तू झिजून झिजून भंगाराच्या दारापर्यंत जातात आणि तिथून उलट फिरतात, हा धडा आमच्या पुस्तकात नव्हता.

खरं म्हणजे तो धडा आमच्या वाटेवरच आहे. कन्नडहून शहराकडे निघालं की वेरूळ, खुलताबाद मागे टाकून दौलताबादचा किल्ला लागतो. १३२७ साली दिल्लीची राजधानी तिथे आणणाऱ्या महंमद तुघलकाने पुढे तीन-चार वर्षांत आणखी एक प्रयोग केला. तांब्या-पितळेची नाणी पाडली आणि ही चांदीच्या भावाने चालतील असा हुकूम सोडला. लोकांनी हुकूम शिरसावंद्य मानला आणि घरोघरी नाणी पाडायला घेतली. शेवटी सुलतानाला ती चांदी देऊन परत घ्यावी लागली. म्हणजे किंमत वस्तूत नसते, 'ही अस्सल आहे' या लोकांच्या भरवशात असते. तो भरवसा गेला की तुघलकाचं नाणंसुद्धा तपेल्याच्या भावाने जातं.

दुसरा धडा निजामाचा. आमचा तालुका सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक पिवळी रोल्स रॉइस मागवली होती, आत सिंहासनासारखी बैठक असलेली. ती इंग्लिश, जर्मन नव्हे, पण मुद्दा तोच आहे. गाडी यायच्या आधी, १९११ साली, निजामच वारले. पुढे ती गाडी जन्मात काही शे मैलच चालली. आज हैदराबादेत चौमहल्ला राजवाड्यात ती पाहायला लोक तिकीट काढतात. माझी स्कूटर दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा होईल इतकी चालली आहे. तिला भंगारवाला अठराशे म्हणतो. गाडी न चालल्याने मोल येतं, हे कळायला मला चव्वेचाळीस वर्षं लागली.

आता जर्मनांकडे येतो. जर्मन माणसाचं वैशिष्ट्य असं, की कंपनीने उत्तम गाडी करून दिली तरी त्याचं समाधान होत नाही. तबलजी जसा बैठकीआधी हातोडी घेऊन तबला लावतो, तशी तिथली काही मंडळी दुसऱ्याने केलेलं इंजिन घेऊन ते 'लावत' बसतात. याला ट्यूनिंग म्हणतात. १९६७ साली आउफ्रेख्ट आणि मेल्खर या दोघा इंजिनिअरांनी, मर्सिडीजच्या कंपनीत काम केलेल्या, स्वतःचा कारखाना काढला. आउफ्रेख्टचा 'ए', मेल्खरचा 'एम' आणि आउफ्रेख्टच्या गावाचा, ग्रोसआस्पाखचा, 'जी'. झालं ए.एम.जी. कल्पना सोपी आहे. आमच्या कन्नडच्या तात्या मेस्त्रीने आणि त्याच्या भावाने, बाबूने, तेच केलं असतं. पण दारावर 'टी.बी.के.' अशी पाटी लावली तर गिऱ्हाईक गाडी सोडून छाती तपासून घ्यायला यायचं.

या दोघांनी मर्सिडीजची एक भलीथोरली, साहेबलोकांनी मागे बसून पेपर वाचायची गाडी घेतली, तिचं इंजिन ६.३ लिटरचं ६.८ लिटर केलं, तांबडा रंग दिला आणि १९७१ साली बेल्जियममध्ये स्पा इथे चोवीस तासांच्या शर्यतीत उतरवली. चपळ, हलक्या गाड्यांत हे धूड पाहून लोक हसले. धूड दुसरं आलं. जर्मनांनी प्रेमाने तिचं नाव ठेवलं 'लाल डुकरीण'. आज ती गाडी विकायला निघाली असती तर काय भाव आला असता, याची कल्पनाच करायची. कारण ती नाही. शर्यतीनंतर ती एका फ्रेंच कंपनीला विकली गेली आणि विमानाची चाकं तपासायच्या कामाला जुंपली गेली. तिची तोडमोड झाली, आणि ती संपली. आज दिसते ती पुढे बनवलेली प्रतिकृती. पोटासाठी कामाला लागलेली वस्तू इतिहासात शिल्लक राहत नाही, ही गोष्ट मला वाचताना उगीचच लागली.

दुसरे गृहस्थ बोफेनझीपेन. यांच्या वडिलांचा कारखाना टाइपरायटरचा! नाव 'आल्पिना'. चिरंजिवांनी १९६२च्या सुमारास बी.एम.डब्ल्यू.च्या एका गाडीसाठी जास्त जोर देणारा कार्ब्युरेटर तयार केला. तो इतका चांगला निघाला की बी.एम.डब्ल्यू.ने गाडीची हमी तशीच चालू ठेवायला मान्यता दिली. १९६५पासून आल्पिना या नावाचा अर्थ टाइपरायटर न राहता वेगवान मोटार असा झाला. २०२२ साली ते नाव बी.एम.डब्ल्यू.ने विकत घेतलं. टाइपरायटरवर मीही हात चालवला आहे, चाळीसच्या वेगाची परीक्षासुद्धा दिली आहे. पण तिथून मोटारीकडे रस्ता जातो हे इन्स्टिट्यूटच्या सरांनी सांगितलं नव्हतं.

तिसरे रूफ. हे पोर्शच्या गाड्या लावतात. इतक्या मुळापासून लावतात की १९८१पासून जर्मन सरकार त्यांना स्वतंत्र गाडी-उत्पादकच मानतं. त्यांची एक पिवळी गाडी १९८७ साली एका अमेरिकन मासिकाने पळवून पाहिली. ताशी ३३९ किलोमीटर! मासिकाने तिला 'यलोबर्ड' म्हटलं. औट्रम घाटात, मालट्रकच्या मागे, मी पहिल्या गिअरमध्ये जो वेग गाठतो त्याच्या तो किती पट आहे, हे काढून पाहिलं आणि पाटी पुसली. मुळापासून बनवलेल्या अशा यलोबर्ड तीसच्या आत. त्यांतली एक २०२५च्या मार्च महिन्यात अमेरिकेत लिलावात साठ लाख डॉलरच्या वर गेली. म्हणजे पन्नास कोटी रुपयांच्या पुढे. आमच्या दीडशे मर्सिडीजच्या सौद्याला थोडीच कमी.

आणि या सगळ्यांचा मेरुमणी म्हणजे १९५५ची मर्सिडीज, 'उलेनहाउट कूपे'. अशा दोनच बनल्या. शर्यतीसाठी बनल्या, पण त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल माँच्या शर्यतीत भयंकर अपघात झाला, ऐंशीवर माणसं गेली आणि वर्षाखेरीस मर्सिडीजने शर्यतीच सोडल्या. गाडी एकही शर्यत धावली नाही. मग कंपनीचे मुख्य इंजिनिअर उलेनहाउटसाहेब ती ऑफिसला जायला वापरू लागले. त्यातली एक मे २०२२मध्ये साडेतेरा कोटी युरोला विकली गेली, म्हणजे अकराशे कोटी रुपयांच्या आसपास. एवढ्या पैशांत आमच्यासारखा दीडशे गाड्यांचा सौदा सोळा वेळा होतो. पैसे तरुणांच्या शिष्यवृत्तीसाठी ठेवले, हे बरं केलं. आमच्याही साहेबांची ऑफिसला यायची गाडी मी पाहिलेली आहे. तिच्या विक्रीतून एखाद्या विद्यार्थ्याची वह्या-पुस्तकं सुटली तरी खूप.

हे सगळं वाचल्यावर माझ्या लक्षात आलं, की जुन्या गाडीचा भाव तीन गोष्टींवर ठरतो आणि तिन्ही आमच्या बँकेच्या आहेत.

पहिली, संख्या. थोड्या असल्या तर भाव.

दुसरी, वय. इथे एक गंमत आहे. गाडीचा भाव आधी पडतो, मग बरीच वर्षं झोपतो आणि एक दिवस ताडकन उठतो. का उठतो? तर पंधरा वर्षांच्या पोराने खोलीच्या भिंतीवर ज्या गाडीचं चित्र लावलेलं असतं, तो पोरगा पन्नाशीला येतो, पैसेवाला होतो आणि चित्राऐवजी गाडीच विकत घ्यायला निघतो. १९८७ची गाडी म्हणूनच आज महाग. बाजारात विकली जाते ती मोटार नव्हेच. विकलं जातं ते पंधरावं वर्ष.

आणि तिसरी गोष्ट, कागद. साधी गाडी कुणी फेरफार करून बिघडवली तर तिची किंमत उतरते. पण तोच फेरफार त्या काळी, त्याच नामांकित कारखान्यात झाला आणि त्याचं बिल जपून ठेवलेलं असलं, तर किंमत कित्येक पट. इंजिनवरचा नंबर, चेसिसवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एकमेकांशी जुळले पाहिजेत. जुळले तर कोटी, नाही तर हौस. म्हणजे जर्मनीतही शेवटी सातबाराच लागतो! हे वाचून मला जर्मनांविषयी एकदम आपुलकी वाटली.

आपल्याकडे मात्र न्याय उलटा. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करू देत नाही. २०२१च्या नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणवून घ्यायचं तर गाडीला पन्नास वर्षं पूर्ण हवीत आणि इंजिन, चेसिस, सांगाडा यांत मोठा फेरफार नको. म्हणजे लावलेली गाडी जर्मनीत रत्न आणि आमच्या आर.टी.ओ.त आरोपी. मेहुण्यांची मर्सिडीज व्हिंटेज व्हायला २०६० साल उजाडावं लागेल. तेव्हा मी एकोणऐंशी वर्षांचा असेन. तोवर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर आणि विमा. माझीच व्हिंटेजमध्ये नोंद आधी होईल.

हे सगळं मी काकांना सांगितलं. काका म्हणजे माझे सख्खे चुलते, वय पंच्याहत्तर. खेड्यातून भाऊबीजेला आले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मर्सिडीज म्हंजे ते तीन काड्यांचं चिन्ह ना? आमच्या लहानपणी ते मालट्रकवर असायचं."

काकांचं खरं होतं. १९५४पासून पंधरा वर्षं टाटांचे ट्रक मर्सिडीजच्या सहकार्याने निघत होते आणि त्यांच्या तोंडावर तो तारा होता. आमच्या तालुक्याने मर्सिडीज प्रथम पाहिली ती कापसाच्या गाठी वाहताना. पुण्याकडे मर्सिडीजच्या मोटारी बनू लागल्या १९९५मध्ये. तोवर तारा म्हणजे ट्रक.

"आन् जर्मनीचं म्हणशील तर," काका म्हणाले, "आपलाबी जर्मनीचाच व्हता."

वाचकहो, इथे मला जरा थांबावं लागतं.

काकांनी २००७ साली ट्रॅक्टर घेतला होता, आयशर. आयशर हे दोघे भाऊ, योसेफ आणि आल्बर्ट, बव्हेरियातल्या फोर्स्टर्न गावचे. त्यांनी १९३६ साली पहिला ट्रॅक्टर केला आणि पुढे हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी नाव काढलं. त्यांच्याच सहकार्याने १९५९ साली फरिदाबादला भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. पोर्शच्या जुन्या गाड्यांचे भक्त 'हवेने थंड होणारं इंजिन' म्हणताना डोळे मिटतात. काकांच्या ट्रॅक्टरचं इंजिन तसंच होतं. एक सिलिंडर, डुग-डुग आवाज आणि समोर वारा. एवढंच नव्हे, तर तात्या मेस्त्रीने त्याचा डिझेलचा पंप वाढवून दिला होता, त्यामुळे मक्याची भरलेली ट्रॉली चढावर न थांबता जायची. म्हणजे, कुणी विचारलं तर, ट्यून केलेलं जर्मन वाहन आमच्या घरात होतं. फक्त आम्हाला ते माहीत नव्हतं.

कर्ज होतं दोन लाख ऐंशी हजार. दर बारा टक्के. आता ती मघाची चिठ्ठी काढावी.

माझी नोकरी त्याच शाखेत. पहिला हप्ता काकांनी तारखेच्या चार दिवस आधी भरला. मला किती अभिमान वाटला होता! २००८ साली कर्जमाफी आली. ती मिळाली ३१ डिसेंबर २००७ला ज्यांचं कर्ज थकलं होतं त्यांना. काकांचं थकलं नव्हतं. वेळेवर भरल्यामुळे ते अपात्र ठरले. "आपलं थकलं नाही, हेच बरं," एवढंच ते म्हणाले. २००९ साली पाऊस गेला. कपाशी गेली, अद्रक सडली नाही, कारण ती लावलीच नव्हती. हप्ते थकले. २०१०च्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर शाखेच्या मागच्या आवारात येऊन उभा राहिला आणि सप्टेंबरात लिलावाची नोटीस निघाली. ती टाइप मी केली. दुसरं कुणी करू शकलं असतं, पण दुसऱ्या कारकुनाची रजा होती आणि 'हे माझे काका आहेत' असं सांगायला माझी जीभ रेटली नाही.

नोटीस लागली त्या दिवशी काका काउंटरवर आले. फलकापाशी बराच वेळ उभे राहून वाचली. मग मला म्हणाले, "बाळू, नंबर बराबर टाकलेत ना? तपासलेस?"

"हो काका. दोनदा."

"मंग ठीक." आणि टोपी सारखी करून गेले.

ट्रॅक्टर एक लाख दहा हजाराला गेला. उरलेल्यासाठी एक एकर गेलं. तीन आठवड्यांनी त्या दीडशे गाड्यांची बातमी आली आणि आमच्या साहेबांनी, कर्मचाऱ्यांना प्रेरणा मिळावी म्हणून, कात्रण त्याच फलकावर लावलं. लिलावाची नोटीस अजून काढलेली नव्हती. दोन्ही जर्मन वाहनं टाचण्यांनी शेजारी-शेजारी टांगलेली, एक सात टक्क्यांचं आणि एक बारा टक्क्यांचं. त्या वर्षाच्या अखेरीस पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त मर्सिडीज आणि ट्रॅक्टर यांच्या व्याजदरांची अशीच शेजारी-शेजारी मांडणी केली, तेव्हा मला वाटलं, हे गृहस्थ आमच्या शाखेत येऊन फलक पाहून गेले की काय!

असो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी पाहायला गेलो. मेहुणे, मी आणि मागे काका. पिशोर रस्त्याला एका शेडमध्ये ती उभी होती. टपावर कोंबडी बसलेली. मालकाने कोंबडी उडवली, फडकं फिरवलं आणि गाडीला चार जणांनी धक्का दिला. चालू झाली, हे कबूल केलं पाहिजे. मी कागद मागितले. नोंदणी २०१२ची, आणि तीही मुंबईची.

"ही त्या दीडशेतली कशी?" मी विचारलं.

"दीडशेतल्याच एकाची ही दुसरी," मालक म्हणाला. इतिहास असाच वाढतो.

मेहुणे भाव पाडायच्या तयारीला लागले. तेवढ्यात काका कुठे गेले म्हणून पाहतो, तर ते शेड सोडून पलीकडच्या वावरात निघालेले. तिकडून आवाज येत होता. डुग-डुग, डुग-डुग. मी मागे धावलो. एक तरुण पोरगा मक्याचं रान नांगरत होता. काकांनी हात केला तसा तो थांबला.

"कुणाकडून घेतला?"

पोराने नाव सांगितलं. तिसऱ्या हाताचा. "एक लाख चाळीसला घेतला, आजोबा. आता एक साठ म्हणतेत, पण द्यायचा नाही. चढावर थांबत नाही हा."

पंधरा वर्षांत काकांच्या ट्रॅक्टरचा भाव लिलावापेक्षा वर गेला होता आणि तो अजून कामावर होता. काकांनी खिशातला रुमाल काढला, वाकून इंजिनाच्या बाजूचं काळं वंगण पुसलं आणि खाली कोरलेला नंबर बोटाने चाचपत, डोळे मिटून, म्हणून दाखवला. मी वाकून पाहिलं. एकेक आकडा बरोबर.

"काका, अजून पाठ आहे?"

"पाठ राहणारच की. तू नोटिशीत चुकवलतास." काका रुमाल झटकत म्हणाले. "शेवटून तिसरा. आठ आहे. तू तीन टाकलतास."

मला काही सुचेना. इंजिन नंबर चुकलेल्या नोटिशीवर त्यांनी हरकत घेतली असती तर लिलाव थांबला असता. महिना-दोन महिने मिळाले असते. त्या साली पाऊस बरा होता, मका आला असता.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुझी नौकरी नवी व्हती," काका म्हणाले आणि ट्रॅक्टरच्या टपाला हात लावून पोराला म्हणाले, "पंप जास्ती वाढवू नको. गरम होतो."

परत येताना मेहुणे सबंध रस्ता साडेतीन लाखांपर्यंत भाव कसा आणायचा ते समजावत होते. काका मागच्या सीटवर झोपले होते. मी पंधरा टक्क्यांनी मनात काहीतरी मोजत होतो, पण हिशेब लागत नव्हता.

घरी सौ.ने दारातच विचारलं, "मग, घेतली का?"

"नाही," मी म्हटलं. "नंबर जुळले नाहीत."